मोसमातली शेवटची उतरण

सूप वाढून झालं तरी नोटबुर्गाकाकूंनी व्हेरोनीकडे पाहिलं नव्हतं. सकाळी नवऱ्याच्या दफनाच्या वेळीही तिनं पुढे केलेला हात त्यांनी घेतला नव्हता.

खानावळीत सेवेरीन मास्तरांच्या, म्हणजे काकूंच्या नवऱ्याच्याच आठवणी चालल्या होत्या. अर्ध्या गावाला त्यांनी स्कीइंग शिकवलं होतं.

"मागच्या महिन्यात मलाच विचारतात, कोण रे तू?" बेकरीवाला क्विरिन म्हणाला. "म्हटलं, मास्तर, शंभरदा तोंडावर आपटलोय तुमच्यासमोर, विसरलात?"

"आणि कान केवढे तिखट! नुसत्या स्कीच्या आवाजावरून ओरडायचे, गुडघा वाकव गं, म्हशी!" त्यांची एक जुनी विद्यार्थिनी म्हणाली.

सगळे हसले. व्हेरोनीला हसू येईना. मास्तरांनी तिला पोटच्या पोरीसारखं घडवलं होतं, आणि आज त्यांच्याच माणसांत तिला परकं वाटत होतं.

कारण तिला ठाऊक होतं. मोसम संपताना गावातले सगळे स्की-शिक्षक एका रांगेत डोंगर उतरत. पुढे राहण्याचा मान सर्वांत जुन्या शिक्षकाचा. गेली काही वर्षं मास्तर तो मान व्हेरोनीला देऊन स्वतः तिच्या मागोमाग उतरत. तेही सख्खा मुलगा याकोब रांगेत असताना! गावात कुजबुज झालीच. काकूंच्या मनात तेच सलत असणार.

म्हणून तर यंदा तिनं सगळ्यांदेखत हट्ट धरला होता, "मास्तर, आज पुढे तुम्हीच." ते नाही नाही म्हणत राहिले. शिक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, तेव्हा कुठे निघाले. आणि पहिल्याच मोठ्या वळणावर, न वळता, सरळ कड्यावरून खाली गेले. हृदय बंद पडलं असणार, असं गावानं ठरवून टाकलं.

जेवणं आटोपली. काकू दाराशी कोट चढवत होत्या. व्हेरोनी धीर करून जवळ गेली.

"काकू, तुमचा माझ्यावर राग आहे. याकोबमुळे ना?"

"याकोबचा काय संबंध?" काकूंनी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "ते मला म्हणायचे, काळजी करू नकोस, माझी नजर गेलीय हे व्हेरोनीला सांगून ठेवलंय, तिचा लाल कोट तेवढा दिसतो, त्याच्या मागोमाग सुखरूप उतरतो. मग सगळं ठाऊक असून तू त्यांना पुढे का घातलंस गं?"