ठोकळ्याच्या पोटात

प्रयोगशाळेत तिला सगळे घोरपड म्हणायचे, कारण एकदा धरलेलं ती सोडत नसे. पांढऱ्याफटक, जाड ठोकळ्यात शिरताच प्रकाश विखुरतो. पण शिरण्याआधीच त्याला नेमकं वळण दिलं, तर तो ठोकळ्याच्या पोटात हव्या त्या ठिकाणी गोळा होतो, असं तिचं म्हणणं होतं. गोळा होईल तिथे आत मिसळलेला रंग काळा पडतो.

परीक्षकांनी तिचा प्रबंध दोनदा परत पाठवला होता. दुसऱ्यांदा आला, तेव्हा तिने नवा ठोकळा ओतला आणि कामाला लागली.

तोंडी परीक्षेतही परीक्षकांची मान आडवीच हलली. "अहो बाई, धुक्यात टॉर्च मारून पलीकडच्या सुईत दोरा ओवण्याच्या गोष्टी या. आलेख काय, कसेही काढता येतात."

"मग ठोकळाच कापून बघा, सर."

तिचे मार्गदर्शक कानाशी कुजबुजले, "अगं, एकच आहे तो. कापला तर पुन्हा पहिल्यापासून सगळं."

"होऊ दे." तिने ठोकळ्यावर पेन्सिलीने रेघ मारली आणि करवत परीक्षकांच्याच हातात दिली.

त्यांनी आधी ठोकळा सगळ्या बाजूंनी चाचपला. कुठे छिद्र नव्हतं, चीर नव्हती. मग बाह्या सारून त्यांनी तो कापला, एक तुकडा खिडकीशी नेला आणि कापलेली बाजू उजेडात डोळ्यांजवळ धरली.



आत, अगदी मधोमध, काळ्या ठिपक्यांची बारीक ओळ होती: 'आता तरी पटलं का, सर?'