तळ्यातला पराक्रम

तळ्याच्या मधोमध हेडसरांच्या पायाला काहीतरी बुळबुळीत लागलं आणि ते पोहणंच विसरले.

ते पाणगवत होतं. पण हे कळायला डोकं ठिकाणावर असावं लागतं. हेडसरांनी ओरडायला तोंड उघडलं, तर आत पाणी गेलं. समोर एक हिरवी टोपी डुलत होती. तिच्याखाली जी मान होती, तिला त्यांनी कडकडून मिठी मारली. टोपीवाला खाली गेला, वर आला, काही बोलणार तेवढ्यात हेडसर त्याला घेऊन पुन्हा खाली गेले.

शर्यत आत्ता कुठे सुरू झाली होती. आधी तळं पोहून जायचं, मग दिवसभर सायकल हाणायची आणि मग अंधार पडेपर्यंत पळत सुटायचं. हेडसरांची ही पहिलीच खेप. पण त्यांनी वर्षभर दुसरा विषय तोंडातून काढला नव्हता. शाळेत प्रार्थना झाली की ते जिद्दीवर बोलायला उभे राहत आणि मुलं उन्हात उभी राहून जिद्द ऐकत. परीक्षेच्या वेळापत्रकासाठी बोलावलेली बैठक गुडघ्यांच्या व्यायामावर येऊन संपे. घरी जेवताना ते प्रत्येक घासाचे गुणदोष सांगत, त्यामुळे मुलगी हल्ली ताट घेऊन आपल्या खोलीत जाई. सासरेबुवा तर जावयाची चाहूल लागली की डोळे मिटून घोरायला लागत.

मेहनत मात्र खरी होती. पहाटे उठून ते पळत, सायकलवर घाम गाळत, पोहण्याच्या तलावात तळाच्या निळ्या फरशांवर नजर ठेवून फेऱ्या मारत.

"अहो, एकदा खऱ्या तळ्यात उतरून तरी बघा," बायको म्हणाली होती.

"पाणी ते पाणीच," हेडसर म्हणाले होते.

बचावाची होडी आली. होडीतल्या माणसांनी दोघांना मिळूनच वर ओढलं, कारण हेडसरांचा हात टोपीवाल्याच्या काखेतून निघता निघत नव्हता.

"सोडा आता, काका. वाचलाय तो," होडीवाला म्हणाला. "कमाल केलीत बुवा! स्वतःच्या शर्यतीवर पाणी सोडलंत, पण माणूस सोडला नाहीत!"

होडीत बसलेला माणूस शर्यतीतून बाद, असा नियमच होता. हेडसरांनी खरं सांगायला तोंड उघडलं. तोंडातून आधी पाणी आलं. ते संपेपर्यंत काठावर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

मग कोणी त्यांना बोलूच देईना. कर्ण्यावरून घोषणा झाली. घोषणा करणाऱ्याला ती स्वतःलाच इतकी आवडली, की ती पुन्हा झाली. शाळेच्या अध्यक्षांचा फोन आला. सोमवारी सत्कार ठरला. चित्रकलेच्या सरांनी हेडसरांसाठी 'जिद्द' असं रंगवलेला मोठा फलक आणला होता. त्यांनी कुठून तरी रंग पैदा केला आणि त्याचं 'त्याग' करून टाकलं.

हे सगळं हेडसरांनी कसंबसं पचवलं असतं. पण बायकोनं टॉवेलनं त्यांचं डोकं पुसता पुसता हळूच म्हटलं, "तुम्ही असे आहात, हे मला माहीतच नव्हतं हो."

इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्यांच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. हेडसरांना ते बघणं सोसेना. ते उठले आणि ओलेत्या अंगानंच दवाखान्याच्या तंबूकडे निघाले.

टोपीवाला खाटेवर ब्लँकेट गुंडाळून पडला होता. उशाशी त्याची म्हातारी आई होती. तिनं हेडसरांचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. हेडसरांनी ते घाईघाईनं सोडवून घेतले.

"आई, यांच्यासाठी गरम चहा बघ ना कुठे मिळतो का," टोपीवाला म्हणाला.

ती बाहेर गेल्यावर हेडसरांनी सगळा धीर गोळा केला. "मी आता जाऊन खरं सांगून टाकतो. मी तुम्हाला वाचवलं नाही, मी तुम्हाला बुडवत होतो. तुमची सगळी मेहनत माझ्यामुळे पाण्यात गेली. मला माफ करा."

टोपीवाला ताडकन उठून बसला. त्यानं आधी तंबूचा पडदा ओढून घेतला.

"खबरदार!" तो कुजबुजला. "कसली मेहनत? माझं सायकलींचं दुकान आहे. गिऱ्हाइकांपुढे फुशारक्या मारता मारता नाव नोंदवून बसलो. सरावाला म्हणून घरातून निघायचो आणि मित्राच्या गच्चीवर जाऊन ताणून द्यायचो. आज पाण्यात उतरल्यापासून एकच चिंता होती, की बेताबेतानं बुडायचं कसं? तेवढ्यात तुम्ही देवासारखे आलात!"

"पण खरं काय ते..."

"खरं सांगितलंत तर तुमचं काय होईल ते तुम्ही बघा. मला मात्र लोक म्हणतील, बिचाऱ्याची काही चूक नव्हती, नियम राहू दे, त्याला सायकलवर बसवा!"

बाहेर कर्ण्यावर हेडसरांचा पुकारा झाला. पाठोपाठ बायकोची हाक आली, "अहो, चला ना, फोटोसाठी थांबलेत सगळे!" आवाजात कौतुक नुसतं ओसंडत होतं. हेडसर तोंड उघडून उभे राहिले. या वेळी तोंडात पाणी नव्हतं, तरी शब्द फुटेना.

"पुढच्या वर्षी येणार ना?" टोपीवाल्यानं अगदी गळ्यात पडून विचारलं. "तेव्हा वाचवायची पाळी माझी."

हेडसरांनी एकदा पडद्याकडे बघितलं. मग ते खाटेवर त्याच्याशेजारी टेकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "चालेल. पण जरा काठाजवळ."