सान्वीचा पहिला मासा

"झटका उशिरा देतेस," रघुवीर म्हणाले. "पाण्यावरचा फ्लोट बुडाला की मनात एक म्हणायचं आणि रॉड उचलायचा."

"म्हटलं ना मी एक."

"म्हटलंस. मग दोन, तीनही म्हटलंस."

सान्वी खुदकन हसली. तिने दोर जवळ ओढून घेतला, रघुवीरांकडे पाठ केली आणि टोकाला कणकेचा नवा गोळा दाबून बसवला. कणीक रघुवीरांच्या घरची, चिमूटभर हिंग घालून मळलेली. क्लबातले इतर सभासद आधी तिच्या वासाने नाक मुरडत. माशांना ती आवडते म्हटल्यावर आता डबा पुढे करत.

लेस्टरबाहेरचा हा जलाशय दोनशे वर्षांपूर्वी कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला. त्याच्या दगडी बांधाखाली दर रविवारी रघुवीर मुलांना मासेमारी शिकवत. मासा धरायचा, बघायचा, ओल्या हाताने पुन्हा पाण्यात सोडायचा. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर आणखी काय हवं?

सान्वी शेजारच्या मनीषाची मुलगी. मनीषाची रविवारी हॉस्पिटलात ड्यूटी असे, म्हणून सान्वी रघुवीरांबरोबर येई. एप्रिलपासून येत होती आणि आता सप्टेंबर संपत आला होता. तिच्यानंतर आलेल्या मुलांनीही मासे पकडले होते. गाठ मात्र सान्वीइतकी नेटकी कुणाची नव्हती. रघुवीरांनी तपासणंही सोडून दिलं होतं.

"आजोबा, पहिली मासा पकडली की पलीकडे जायलाच लागतं?"

"पहिला मासा. हो, क्लबचा नियमच आहे. बिल्ला मिळतो, मग पलीकडच्या काठावर, मोठ्या मुलांना शिकवणाऱ्या डेरेककडे. मी पुन्हा नवीन मुलाला घेतो."

सान्वी पलीकडच्या काठाकडे बघत राहिली. रघुवीरांना गलबलून आलं. आज मोसमाचा शेवटचा रविवार. पोर रिकाम्या हाताने घरी गेली तर पुढच्या वर्षी यायची नाही. कंटाळली तरी सांगणार नाही, गुणाची आहे.

तेवढ्यात त्यांचा स्वतःचा फ्लोट बुडाला. बोटभर लांबीचा रोच मासा निघाला, लाल पंखांचा. एरवी लगेच सोडत, आज त्यांनी तो पाण्यातल्या जाळीत ठेवला.

"सोडत नाही?"

"थोड्या वेळाने. तू जा, शेडमध्ये गरम चॉकलेट पिऊन ये. हात बघ किती गार पडलेत."

सान्वी घुटमळली. "माझा रॉड फक्त धरा हं. ओढायची नाही. प्रॉमिस?"

"बरं बाई, प्रॉमिस."

शेडचं दार बंद झाल्याचा आवाज आला. आयुष्यात रघुवीरांनी कुणाला कॉपी करू दिली नव्हती. पण नियम माणसांसाठी असतात, असं त्यांनी स्वतःला समजावलं. रोच हलकेच तिच्या गळाला लावायचा, दोर पाण्यात सोडायचा आणि ती आली की म्हणायचं, बघ गं, फ्लोट हलतोय. किती उड्या मारेल.

त्यांनी घाईने तिचा दोर ओढला. फ्लोट आला, वजनाचे मणी आले, शेवटी कणकेचा गोळा. गळ मोकळा करायला त्यांनी तो बोटांनी फोडला. आत त्यांनीच शिकवलेली गाठ होती, घट्ट, नेटकी. त्यांनी दोर डोळ्यांजवळ धरला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

गळ नव्हता.

शेडचं दार वाजलं. रघुवीरांनी जाळी उलटी करून रोच सोडून दिला, डब्यातून चिमूटभर कणीक घेतली आणि त्या रिकाम्या गाठीभोवती नीट दाबून बसवली.