खंडेनवमीचं मशीन

"चपला बाहेर काढा!" प्राचार्य खेकसले. आयटीआयच्या वर्कशॉपात खंडेनवमीची पूजा होती आणि देव एकच, कोपऱ्यातलं कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन. आलं तेव्हाचं प्लास्टिक अजून अंगावर, वर झेंडूचा हार.

"सर, यावर काम कधी शिकवणार?" घुग्यांच्या रोहिणीनं विचारलं.

"हात लावलास तर बिघडेल. फळ्यावर काढून शिकवलंय ना सगळं?" त्यांनी पेढा तिच्या हातावर आपटला.

पेढा चघळत रोहिणी मनातल्या मनात फणकारली. लोखंड कापायला आणलेल्या या धुडापायी आजवर कापली गेली ती फक्त उद्घाटनाची फीत, तीही मंत्र्यांच्या कात्रीनं!

पुढे परीक्षा झाली. सगळा वर्ग पहिल्या श्रेणीत पास. चाकणच्या एका कारखान्यात मुलाखतीला साहेबांनी रोहिणीला तसल्याच मशीनसमोर उभं केलं. "हं, चालू करून दाखव."

ती पुढे झाली. सवयीनं तिनं पायातले बूट काढून बाजूला ठेवले, मशीनला हात जोडले आणि तशीच उभी राहिली.

"अगं, हे काय?" साहेबांना हसू आवरेना.

रोहिणी मात्र हसली नाही. "सर, आमच्या कॉलेजात याच्यापुढचं शिकवत नाहीत."