डावा की उजवा

बसा, कलकत्त्याच्या बेहाल्यातल्या एका भिंतीची गोष्ट सांगतो, एकाहत्तर सालची. दुर्गापूजेआधी खोली रंगवायची म्हणून मिस्त्रीनं भिंतीवर दोन राखी रंगांचे पट्टे ओढले. “मासीमा, कोणता?” श्यामलाबाईंनी चष्मा पुसला. “डावा मातकट वाटतो. उजवा धुरकट. उन्हात बघू.” सकाळपासून हेच चाललेलं. मुलगा मनोहर वैतागला. “आई, दोन्ही राखच! एक चुलीतली, एक बंबातली. बोट ठेव आणि मोकळी हो.” बाईंनी बोट ठेवलं, ते पट्ट्यांच्या मधोमध. तिथं तेलाचा वाटोळा डाग होता. वेताच्या खुर्चीत पेपर वाचताना यजमान रोज डोकं टेकायचे, त्याचा. माणूस गेला, डाग राहिला. मनोहरनं खुर्ची डागाखाली सरकवली. “मिस्त्री, बाकी भिंतींना डावा लावा. हिचं अजून ठरायचंय.” त्या घरी गेलात तर खुर्चीत खुशाल बसा, पण डोकं मागं टेकू नका.