गच्चीवरचा हिरो

"आन याइचा हिरो पाहा," शिवम मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "बाप मेला तं वीस वर्षांपासून गच्चीवर पावसात उभा हाय. अरे, छत्री घे ना भाऊ, निमोनिया होईन."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, आज हे बोलायला नको होतं.

वाक्य काही नवं नव्हतं. दोघांच्या चॅनलवर ते दर भागात यायचं आणि दर भागात हशा वसूल करायचं. अकोल्याचा शिवम 'हसऱ्या' कंपनीचा वकील, अमरावतीचा स्वानंद 'काळ्या' कंपनीचा. ही नावं त्यांनीच पाडलेली. दोन्ही कंपन्या सातासमुद्रापारच्या, सुपरहिरोंचे सिनेमे काढणाऱ्या; दोन्हीकडची माणसं अंगाला चिकटलेले कपडे घालून जग वाचवतात. फरक एवढाच, की हसऱ्यांकडे जग बुडता बुडताही कोणीतरी जोक मारतं आणि काळ्यांकडे सकाळचा चहासुद्धा अंधारात पितात. एवढ्या भांडवलावर हे दोघं वऱ्हाडीत तासतासभर भांडायचे आणि पोरं मिटक्या मारत ऐकायची.

पण स्वानंदचे बाबा, वसंतराव, जाऊन अजून महिनाही झाला नव्हता.

तेरवीला शिवम आला नव्हता. एकटा राहायचा त्या खोलीवरूनच 'ताप आहे' म्हणून मेसेज टाकून मोकळा झाला होता. ताप कसला नि काय. दुःखाच्या घरात तोंड कसं करून बसायचं हेच त्याला कळत नसे. गंभीर व्हायला गेलं की हसू फुटायचं, ही लहानपणापासूनची खोड. आजही बडनेऱ्याला रेल्वेतून उतरून तो स्वानंदच्या घरी आला तो बाहेरच्या जिन्याने थेट गच्चीवर, कारण खाली स्वानंदच्या आई, सिंधूकाकू, होत्या. "ताप उतरला का?" स्वानंदने विचारलं होतं, अगदी मनापासून. "उतरला," म्हणत शिवमने घाईघाईने मोबाइल स्टँडला लावला आणि लाइव्ह सुरू केलं. नेहमीसारखं बोलू, हसवू, गडी येईल हळूहळू रुळावर, असं त्याला वाटलं होतं.

स्क्रीनवर हसऱ्या चेहऱ्यांचा पूर आला. 'स्वानंदभाऊ, जवाब द्या,' कोणीतरी लिहिलं. जवाब ठरलेला होता: आमचा रडते तरी, तुमचा तं बापाच्या सरणापाशीबी जोक मारीन. शिवम त्या जवाबाची वाट बघत होता आणि तो येऊ नये म्हणून मनातल्या मनात हातही जोडत होता.

"थो पावसासाठी उभा नाई राहत," स्वानंद म्हणाला.

लाइव्ह थांबून चालत नाही. "मंग कायले?" सवयीने शिवमच्या तोंडून निघालं.

"खाली जाववत नाई त्याले. खाली गेलं का माय तोंडाकडं पायते. काय बोलाव, समजत नाई." स्वानंद आता शिवमकडे बघत होता. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुमच्यावाल्यालेबी तसंच होते. म्हणून थो जोक मारते."

'एक नंबर पॉइंट.' 'काळे जिंकले.' कमेंट भराभरा येत होत्या. शिवमने मोबाइल स्टँडवरून ओढला आणि बंद करून खिशात घातला. बघणाऱ्यांचा निरोपसुद्धा घेतला नाही.

मग त्याचं लक्ष टाकीच्या बाजूला गेलं. गुंडाळलेली गादी, उशी, पाण्याची बाटली, डासांच्या अगरबत्तीची राख. तो आल्यापासून हे सगळं तिथंच होतं. स्टँडला जागा हवी म्हणून त्यानेच ती गादी पायाने बाजूला सारली होती.

"इथंच झोपतं?"

"झोपतोबी आन जेवतोबी. आई जिन्यात ताट ठेवून जाते."

शिवमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चाल, खाली जाऊ," तो म्हणाला.

"तू जा."

"मले एकट्याले भेव लागते ना बे."

हा जोक नाही हे स्वानंदला कळलं. मग तो उठला. आतल्या जिन्याने दोघं उतरले, शिवम पुढे. एकेक पायरी उतरताना तो आज कुठला चेहरा लावावा ते शोधत होता आणि एकही सापडत नव्हता.

पावलं ऐकून सिंधूकाकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या. आधी त्यांनी आपल्या मुलाकडे पाहिलं, डोळे भरून पाहिलं. मग त्या शिवमकडे वळल्या.

काकूंनी पदराला हात पुसला आणि त्याच्या कपाळावर ठेवला.

"आता अंग थंड आहे," त्या म्हणाल्या. "तेरवीच्या दिवशी माझा सारखा जीव लागला होता रे तुझ्याकडे. ताप भरलेलं पोरगं खोलीवर एकटं, त्याला पाणी तरी कोण देत असेल."