साहेबांचा रुसवा

परिषदेहून परतल्यावर बॅगसुद्धा न उघडता त्याने काचेच्या पेटीत हात घातला, आणि साहेबांनी त्याला कडकडून चावा घेतला.

"रुसलेत," तो आनंदाने म्हणाला. अंगठ्यावर रक्ताचे चार ठिपके उमटले होते. "आठवडाभर सोडून गेलो ना."

बायको कापूस आणायच्या निमित्ताने आत गेली आणि आत जरा जास्तच वेळ थांबली.

साहेब म्हणजे दोन हात लांबीचा, तांबूस पट्ट्यांचा, बिनविषारी साप. नवरा कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचा. पाळीव सापाला माणसाचा लळा लागतो, राग येतो, विरहही होतो, असा त्याचा प्रबंध होता. चार वर्षं, एकच साप, रोजची नोंद. माणसं त्याच्यापाशी मन मोकळं करत नसत, म्हणून बहुधा तो सापाकडे वळला असावा.

आत्ता पेटीत असलेला साप मात्र पाच दिवसांपूर्वी दुकानातून आला होता.

झालं होतं ते इतकंच. त्याचे परिषदेचे सदरे इस्त्री करायला तिने पेटीखालच्या गरम चटईची पिन काढली आणि परत लावायची राहिली. थंडी कडाक्याची होती. तिसऱ्या दिवशी बघते तर साहेब बागेच्या पाइपासारखे ताठ.

ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. खऱ्या दाताशेजारी खोटा दात कळू न देण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. साहेबांना डब्यात घालून ती दुकानं फिरली आणि तिसऱ्या दुकानात जोड सापडली. मानेवरचा एक पट्टा जरा फिका होता, बाकी सख्खा भाऊ.

"मी नसताना थंडी फार होती का गं?" त्याने जेवताना विचारलं.

"नेहमीसारखीच."

"साहेबांनी काही वेगळं केलं?"

"वेगळं म्हणजे?"

"काही नाही. सहज."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. सहज म्हणून त्याने आजवर काही विचारलेलं तिला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो भिंग घेऊन पेटीशी वाकला होता. भिंग नेमकं मानेवर होतं.

"काय बघताय?"

"कात टाकायला आले वाटतं. तेव्हा रंग फिका दिसतो." तो वळला. "तुला काही वेगळं दिसतंय का?"

"मला मेले सगळे साप सारखेच."

"रंगाच्या बाबतीत तू असं म्हणावंस?"

तो तिच्याकडे बघत राहिला. तिने फडकं उचललं आणि स्वच्छ असलेलं टेबल पुसून काढलं.

तिने धाकट्या बहिणीला फोन लावला.

"सांगून टाक ना ताई. साप तर साप."

"चार वर्षं पाण्यात जातील गं त्यांची. एकच साप हवा, हीच तर अट आहे. शिवाय त्यांचा जीव होता त्याच्यावर."

"सापाला भावना असतात की नाही देव जाणे. भावोजींना असतात का, ते एकदा बघून घे."

तो कॉलेजात गेल्यावर तिने नोंदवही उघडली. साहेब याआधीही तीनदा रुसले होते. चावणं, उपास, कोपऱ्यात तोंड खुपसून बसणं, महिनाभराने समेट. तिला हायसं वाटलं. नवा गडी निदान घराण्याच्या रीतीला धरून वागत होता.

मग तिने शेवटचं पान बघितलं. साहेबांच्या रुसव्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: "ही हल्ली पेटीपाशी सारखी का येते?"

त्या दिवसापासून ती पेटीपाशी जाईनाशी झाली. मग तो जेवताना म्हणाला, "हल्ली पेटीकडे फिरकत नाहीस." तिने न विचारताच त्याला आणखी भात वाढला.

महिन्याभराने विद्यापीठाच्या परीक्षक बाई आल्या. जमिनीवर तीन वापरलेले सदरे मांडले: एक शेजाऱ्याचा, एक बाईंच्या ड्रायव्हरचा, एक नवऱ्याचा. साहेब निघाले, शेजाऱ्यापाशी घुटमळले, ड्रायव्हरला वळसा घातला आणि नवऱ्याच्या बाहीत शिरले.

"घरातला ओळखीचा वास, एवढंच असेल," बाई म्हणाल्या.

"मग आम्हीही घरी परततो ते त्याच कारणाने," तो म्हणाला. बाई हसल्या आणि त्यांनी एक कागद पुढे केला.

"संपूर्ण अभ्यास एकाच प्राण्यावर केल्याचं प्रतिज्ञापत्र. सही करून ठेवा, मी हात धुऊन येते."

बाई आत गेल्या. त्याने पेनचं टोपण काढलं.

"अहो, सही करू नका."

त्याने वर पाहिलं. आतून नळाचा आवाज येत होता, आणि तो थांबायच्या आत तिने सगळं सांगून टाकलं. इस्त्री, पिन, थंडी, डबा, तिसरं दुकान. नकळत का होईना, तिच्यामुळे त्याने खोटी सही करावी हे तिला सोसणार नव्हतं. पुढे तो हाकलून देवो नाहीतर जन्मभर अबोला धरो.

त्याने टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग त्याने तिचा हात हातात घेतला.

"महिनाभर हे एकटीने सोसलंस?"

तिचे डोळे भरून आले. माणूस कळायला एकोणीस वर्षं लागली, असं तिला वाटून गेलं.

नळ बंद झाला. त्याने टोपण काढलं आणि ठळक अक्षरात सही ठोकली.

"मनाला लावून घेऊ नकोस," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आधीचे तीन माझ्याच हातून गेलेत."